बनगरवाडीतले राजेसाहेब आणि औंधची चित्रे : कादंबरी वाचणाऱ्याने चित्रापुढे किती वेळ उभे राहावे?

ओसरी

कादंबरी हातात असली की किती पाने उरली आहेत हे उजव्या अंगठ्याला आपोआप कळत असते. पाने थोडी उरली की मी वाचण्याचा वेग कमी करते, शेवट लांबवते, मध्येच उठून चहा टाकते. चित्रापुढे ही सोय नसते. ते एका दमात सगळेच्या सगळे समोर येते आणि पुढे काय करायचे हे काही सांगत नाही. गेली चाळीसेक वर्षे मी कादंबऱ्या वाचते आहे. चित्रप्रदर्शनांना मात्र पन्नाशी उलटल्यावर जाऊ लागले. त्यामुळे माझी अवस्था थोडी विचित्र आहे. वाचनाचे सगळे संस्कार घेऊन मी दालनात शिरते आणि तिथे ते बहुतेक वेळा पायात येतात. त्याविषयी सविस्तर लिहायचे होते, म्हणून हा धागा.

माझे माहेर खानापूर तालुक्यातले. सहावीत असताना शाळेची सहल औंधला गेली होती. यमाईच्या मूळपीठाच्या डोंगराच्या पायऱ्या, डब्यातल्या दशम्या आणि संग्रहालयात शिरताना गुरुजींनी दिलेली ‘कशाला हात लावायचा नाही’ ही ताकीद, एवढेच त्या दिवसाचे मला आठवते. आत कोणती चित्रे होती, यातले काहीही आठवत नव्हते. हात लावायचा नाही हे इतके ठसले होते की डोळे लावायचेही राहून गेले असावेत.

महाविद्यालयात असताना व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी नेमलेली होती म्हणून वाचली आणि परीक्षेसाठी जेवढी लागते तेवढीच लक्षात ठेवली. पुढे काही वर्षांपूर्वी, घरातली पुस्तके आवरताना, ती पुन्हा हाती लागली आणि उभ्या उभ्या अर्धी वाचून झाली. बैलजोडी पुरी होत नाही तेव्हा शेकूची बायको दुसऱ्या बैलाच्या जागी स्वतः जू खांद्यावर घेते, तिथे मी पुस्तक मिटले आणि खाली बसले. व्यंकटेश माडगूळकर स्वतः रेखाटने करीत, हे मला तोपर्यंत ठाऊक होते. पण रेघ आखणाऱ्या माणसाचे गद्य असे असते, हे त्या पानावर कळले. विशेषणांची गर्दी नाही, हळहळ नाही. एक बाई, एक बैल, एक जू. बाकीचा माळ त्यांनी कोरा सोडला आहे.

त्याच वाचनात आणखी एक गोष्ट घडली. वाडीतले धनगर खपून तालीम बांधतात आणि तिच्या उद्घाटनाला संस्थानचे राजेसाहेब येतात. पहिल्या वेळी या प्रसंगाचे मला काहीच वाटले नव्हते. राजा येतो, समारंभ होतो, कथा पुढे सरकते. या वेळी मात्र मी अडखळले. माडगूळकरांचे माडगूळ हे गाव औंध संस्थानातले. औंधचे त्या काळचे अधिपती म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. १९०९ मध्ये ते गादीवर आले, सूर्यनमस्काराचा त्यांनी आयुष्यभर प्रचार केला, स्वतः चित्रे काढली, ‘चित्ररामायण’ काढले आणि १९३८ मध्ये त्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय उभारले. म्हणजे माझ्या कादंबरीत तालमीच्या दारात उभा असलेला माणूस आणि माझ्या सहलीतल्या त्या इमारतीचा मालक एकच होता! ही गोष्ट मला कोणी वर्गात सांगितली असती तर कदाचित परीक्षेत दोन गुण जास्त मिळाले असते, एवढेच. पन्नाशीत ती स्वतःहून सापडली, म्हणून पुढच्याच महिन्यात मी औंधला गेले.

या वेळी मी राजाला शोधत होते, चित्रांना नव्हे, हे आधीच कबूल करते. मोजकेच उत्पन्न असलेल्या, सतत पावसाकडे डोळे लावून बसलेल्या एका लहानशा संस्थानचा राजा काय विकत घेतो, कोणाकडून काय काढून घेतो, हे मला पाहायचे होते. राजा रविवर्म्याच्या ‘सैरंध्री’पुढे मी बराच वेळ उभी राहिले. पण खरे सांगायचे तर तो वेळ मी चित्राला दिलाच नाही. कीचकाच्या महालाकडे तिला का पाठवले आहे, पुढे तिच्यावर काय ओढवणार आहे, भीम काय करणार आहे, हे सगळे मला पाठ होते आणि मी ती गोष्टच मनात पुन्हा वाचत होते. चित्रकार म. वि. धुरंधरांच्या चित्रांपुढेही तेच झाले. पात्रे ओळखायची, प्रसंग ओळखायचा, पुढे सरकायचे.

मग हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे ‘आई आणि मूल’ हे शिल्प आले. सातारा जिल्ह्यातल्या एका डोंगरावर हेन्री मूर आहे, याचेच आश्चर्य इतके मोठे होते की शिल्प पाहायला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागला नाही. दगडातली ही आई कोणाची कोण, तिचे गाव कोणते, पुढे तिचे काय झाले, यातले काही कळण्याची सोय नव्हती; गोष्ट नाही म्हटल्यावर माझे पाय आपोआप पुढे निघाले. दारापर्यंत आल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली आणि मी परत गेले. परत जाऊनही काय करायचे ते समजेना. नुसती उभी राहिले.

उतरताना दुसराच प्रश्न डोक्यात होता. ज्या मुलखातली माणसे पाऊस गेला की मेंढरे घेऊन जगायला बाहेर पडतात, कादंबरीच्या शेवटी तर सगळी वाडीच ओस पडते, त्याच मुलखाच्या राजाने हे सगळे जमवावे, याचे काय करायचे? एक उत्तर सोपे आहे आणि ते रागाचे आहे. पण याच राजाने गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ मध्ये राज्यघटना देऊन आपली सत्ता गावांच्या पंचायतींकडे सोपवली, हेही खरे आहे. मला यात निवाडा करता येत नाही. कादंबरीत राजेसाहेब थोडा वेळ येतात आणि जातात. माडगूळकरांनीही निवाडा केलेला नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. पण २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात चित्रकार प्रभाकर बरवे यांचे ‘इनसाइड द एम्प्टी बॉक्स’ हे प्रदर्शन लागले आणि माझी खरी पंचाईत झाली. बरव्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक मी त्याआधी दोनदा वाचले होते. चित्र कसे सुचते, वस्तू कशी दिसते आणि दिसता दिसता कशी वेगळी होते, याविषयी इतके नितळ मराठी गद्य मी फार कमी वाचले आहे. त्यामुळे मी मोठ्या आत्मविश्वासाने गेले. सर कावसजी जहांगीर हॉलची ती अर्धगोल दालने एकावर एक चढत घुमटाखाली पोहोचतात. चढता चढता पाने, घड्याळे, शिंपले, अंक अशा रोजच्या वस्तू भेटत राहतात, एकमेकींशी काहीही नाते नसल्यासारख्या आणि तरीही एकाच घरातल्या असल्यासारख्या. गोष्ट कुठेच नव्हती. आणि मी काय केले? प्रत्येक चित्रात मी पुस्तकातले वाक्य शोधू लागले! सापडले की समाधान, नाही सापडले की पुढचे चित्र. चित्रकाराने शब्दांत लिहून ठेवले म्हणून माझी सोय झाली, की त्याच्या शब्दांनीच माझी वाट अडवली, हे मला आजही ठरवता येत नाही.

कादंबरी वाचणाऱ्यांनी, आणि विशेषतः चित्रे काढणाऱ्यांनी, आपला अनुभव लिहावा. आपण चित्रापुढे किती वेळ उभे राहता, आणि त्या वेळात नेमके काय करता?

पेन्सिलीचे टोक

लेख मनापासून आवडला, परंतु एका ठिकाणी हरकत घेतो. मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो आणि दर दोन-तीन वर्षांनी मुलांना औंधला घेऊन जातो. रविवर्म्याच्या चित्रात गोष्ट आहे म्हणून आपण तिथे रेंगाळलात, हे खरे. पण गोष्ट हे त्या चित्राचे निमित्त आहे. कीचकाची कथा हरदासाच्या तोंडूनही ऐकता येते. तैलरंगात कापडाचे वजन कसे दाखवले आहे, उजेड कोणत्या बाजूने आला आहे आणि तो कुठे पोहोचू दिलेला नाही, ते मात्र तिथेच उभे राहून पाहावे लागते. लिथोग्राफच्या छपाईमुळे रविवर्मा आपल्या आजीच्या देवघरात पोहोचला, आणि त्याच छपाईमुळे आपण त्याचे चित्र पाहण्याऐवजी ओळखायला शिकलो. ओळखले की काम झाले, असे आपल्याला वाटते.

मुलांना मी आधी पाटी वाचू देत नाही. ‘सावली कुठून पडली आहे?’ एवढाच प्रश्न विचारतो. सावली शोधायची तर चित्रभर हिंडावे लागते, आणि हिंडता हिंडता मुलांना असे काही दिसते की जे मला इतक्या वर्षांत दिसलेले नसते. धुरंधरांबद्दलही हेच सांगेन. त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मचरित्र लिहिले आहे, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधली एकेचाळीस वर्षे. ते वाचून मग चित्रे पाहिलीत तर आपली बरव्यांसारखीच पंचाईत होईल, हे मान्य. पण चित्रे आधी पाहून मग ते वाचले तर होणार नाही.

किती वेळ उभे राहावे, याचे माझे उत्तर व्यवसायाचे आहे. वही आणि पेन्सिल सोबत न्यावी आणि एका प्रदर्शनात एकच चित्र, कितीही वाईट का येईना, वहीत उतरवावे. हात चुकतो तिथेच डोळा पाहत नव्हता असे समजावे.

अर्धविराम

ओसरीताई, आपल्या लेखातला कादंबरीचा अर्धा भाग मला पटला नाही. कादंबरी म्हणजे गोष्ट आणि चित्र म्हणजे गोष्टीचा अभाव, अशी विभागणी आपण नकळत केली आहे. ‘बनगरवाडी’त कथानक म्हणावे असे आहे तरी किती? एक तरुण मास्तर वाडीत येतो, शाळा चालवतो, तालीम होते, दुष्काळ पडतो, तो निघून जातो. पाठीमागच्या वेष्टनावर मावेल एवढे. तरीही आपण अर्धे पुस्तक उभ्याने वाचलेत, आणि खाली बसलात ते शेकूच्या बायकोपाशी, म्हणजे जिथे कथानक एक पाऊलही पुढे सरकत नाही अशा जागी. मग कादंबरीतही आपण चित्रच पाहत होतात. दालनात गेल्यावर मात्र आपल्याला एकाएकी गोष्ट का हवीशी झाली?

माझा अंदाज असा आहे की ती भिंतींची भीती आहे. पुस्तक आपण घरात, लोळत, तेल लावलेल्या केसांनी वाचतो. न कळलेले पान दोनदा वाचले तरी कोणी पाहत नाही. पांढऱ्या भिंतींच्या दालनात आपल्याला आपण पाहिले जात असल्यासारखे वाटते. मग हात मागे बांधायचे, मान किंचित कलती करायची आणि निघताना अभिप्रायवहीत ‘अप्रतिम!’ लिहून सुटायचे. त्या वह्या मी आवर्जून चाळतो. ‘अप्रतिम’, ‘सुंदर’, ‘शुभेच्छा’ यांपलीकडे शंभरात एखादीच ओळ असते. हेच लोक कादंबरीवर तावातावाने चार पाने लिहू शकतात.

आणखी एक नोंद. मराठी वाचकाचे पहिले कलादालन म्हणजे पुस्तकाचे मुखपृष्ठ आणि दिवाळी अंक, हे आपण विसरतो. दीनानाथ दलालांची चित्रे आमच्या घरात ‘दीपावली’च्या अंकातून आली. तिथे कोणी ‘हात लावू नका’ म्हणत नव्हते. उलट त्या अंकांच्या पानांना वरण-भाताचे डाग होते. मी आजही मूळ चित्रांपेक्षा छापील चित्रांपुढे जास्त मोकळा असतो. याला कोणी मागासलेपणा म्हणत असेल तर म्हणू दे.

निरुत्तर

जास्त लिहीत नाही. मुंबईच्या जहांगीर कलादालनात आम्ही पंचवीस वर्षे जात होतो, आणि त्यातली बरीच वर्षे चित्रांसाठी कमी आणि तिथल्या ‘समोवार’ या उपाहारगृहातल्या चहासाठी जास्त. २०१५ मध्ये ते बंद झाले आणि मला अचानक चित्रे पाहावी लागली. बाहेरच्या पदपथावर पाच मिनिटांत समोरच्या माणसाचे चित्र काढून देणारे चित्रकार असतात. त्यांच्यापुढे गर्दी असते आणि आत शांतता. कारण बाहेर चित्र होताना दिसते. त्याला सुरुवात असते, मध्य असतो, शेवट असतो. ओसरीताईंच्या अंगठ्याचा प्रश्न तिथे उरत नाही.

बरव्यांच्या त्या प्रदर्शनाविषयी एक खंत मात्र आहे. उद्घाटनाच्या भाषणात अमोल पालेकरांना वारंवार अडवले गेल्याची बातमी देशभर झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या गदारोळात १९९५ मध्ये गेलेल्या आपल्या एका मोठ्या चित्रकाराची इतकी चित्रे एकत्र आली आहेत, ही बातमी बुडाली. योगायोग असा की ‘बनगरवाडी’वर चित्रपट करणारे पालेकरच. या धाग्यात सगळे एकाच वाडीत राहत असल्यासारखे दिसते आहे.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत राहतो. २०१४ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचे मोठे प्रदर्शन लागले होते. ते २०१५ च्या फेब्रुवारीपर्यंत चालले. योगायोगाने त्याच हिवाळ्यात आई इकडे आली होती. तिचे सगळे आयुष्य दादरमध्ये गेले, वाचनालयातून आठवड्याला दोन कादंबऱ्या हा तिचा नेम होता, आणि चित्रांशी तिचा संबंध कालनिर्णयाच्या पानापुरता. नागपूरला जन्मलेला, गोव्याकडच्या घराण्यातला, जे. जे. मध्ये शिकलेला आपला माणूस इथे लागला आहे, एवढ्याच भांडवलावर मी तिला नेले. थंडी अशी होती की ती नुसत्या ऊबेसाठीही आली असती.

गायतोंड्यांच्या चित्रांत ओळखण्यासारखे काहीच नसते, आणि बहुतेकांना शीर्षकही नाही. पाटीवर फक्त साल. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हटलेले त्यांना पटत नसे. ‘वस्तुनिरपेक्ष’ हा अर्थ त्यांना जवळचा होता. ते रोलरने आणि सुरीने रंग पसरत, खरवडत, पुन्हा चढवत, आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी करीत. हे सगळे मी आईला सांगू लागलो तेव्हा तिने हात वर करून मला थांबवले आणि बाकावर बसली. पुष्कळ वेळ बसली. मी तेवढ्यात बाकीची दालने पाहून आलो. परत आल्यावर विचारले, काय दिसले? ती म्हणाली, “श्रावणात आपल्या मागच्या भिंतीला ओल यायची ना, तशी आहे. पण ती भिंत मी कधी बसून पाहिली नव्हती.” थोड्या वेळाने म्हणाली की यात पुढचे पान नाही हे एकदा मान्य केले की मग घाई राहत नाही.

मी तिचे वाक्य ज्ञान म्हणून मांडत नाही. ती लगेच पुढे म्हणाली की पाय दुखतात आणि इथे चहा कुठे मिळेल. पण ‘किती वेळ’ या प्रश्नावर मला तेवढेच आठवते.

जाता जाता, निरुत्तर म्हणतात त्या ‘एकाच वाडी’त आणखी एक घर. औंधच्या ज्या राज्यघटनेचा उल्लेख वर आला, तिच्या घडणीत मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याचा मोठा वाटा होता. पुढे याच फ्रीडमन यांनी मुंबईतले अध्यात्मगुरू निसर्गदत्त महाराज यांची मराठी संभाषणे इंग्रजीत नेली, आणि गायतोंड्यांना ज्यांच्या विचारांची ओढ होती त्यांत निसर्गदत्त महाराजही होते. यातून काही सिद्ध होत नाही, हे मला कळते. पण औंधच्या पायऱ्या उतरताना ओसरीताईंना जो प्रश्न पडला, त्याच्या आसपास किती माणसे वावरत होती हे पाहून गंमत वाटली.

ओसरी

सर्वांचे आभार. अर्धविराम यांचा आक्षेप मान्य करते; शेकूच्या बायकोपाशी मी गोष्ट वाचत नव्हते, हे माझ्या लक्षात आले नव्हते. भिंतींच्या भीतीबद्दलही ते बरोबर असावेत. दोन वर्षांपूर्वी एका कलादालनात मी एका चित्रापुढे जरा जास्त वेळ थांबले तर तिथल्या माणसाने येऊन ‘मॅडम, किंमत विचारायची आहे का?’ असे अदबीने विचारले, आणि मी चोरी पकडल्यासारखी पुढच्या चित्राकडे सरकले. कादंबरीच्या पानावर रेंगाळल्याबद्दल मला आजवर कोणी किंमत विचारलेली नाही.

हडसनकाठ, आपल्या आईंना नमस्कार सांगावा.

पेन्सिलीचे टोक यांचा सल्ला मात्र मी थोडा वाकवून वापरला. औंधला लगेच जाणे शक्य नव्हते, म्हणून परवा रात्री शाळेची जुनी वही घेऊन बसले आणि जे चित्र मला सर्वांत स्पष्ट दिसते असे मी समजत होते, ते काढायला घेतले. जू काढले. माळाची एक रेघ काढली. आणि पेन्सिल अडली. बाई डावीकडे आणि बैल उजवीकडे, की उलट? तिची मान वर आहे की खाली? शेकू मागे औत धरून उभा आहे, तर त्याचा चेहरा तिला दिसत नसणार. मग मला तो इतकी वर्षे कुठून दिसत होता? दोनदा खोडले. कागद थोडा फाटला.

पुस्तक समोरच्याच कपाटात आहे आणि त्यात काय लिहिले आहे ते पाहायला एक मिनिट लागेल. अजून उघडलेले नाही. आधी ती माझ्याकडे कोणत्या बाजूला उभी होती, ते आठवते आहे.